जर्सी कोण देणार

बुधवार, २६ जून
फर्नली

नोरीन,

तुझ्या नातवाने आज सराव संपल्यावर मैदानाच्या कठड्यापाशी येऊन मला एक प्रश्न विचारला. त्याचं उत्तर द्यायचा हक्क माझा नाही, तुझा आहे. एवढ्याच कारणासाठी लिहिते आहे. खुशालीची विचारपूस या पत्रात शोधू नकोस.

फर्नलीच्या फुटबॉल संघाकडून फ्लेचरचा पहिला सामना जवळ आला आहे. क्लबच्या व्यवस्थापकाने त्याला विचारून ठेवलं, की पहिली जर्सी तुला कोणाच्या हातून हवी. रीत तुला ठाऊक आहे. घरातलं माणूस खेळाडूंच्या कपडे बदलायच्या खोलीत येतं, सगळ्या संघासमोर दोन शब्द बोलतं आणि जर्सी हातात देतं. त्याने तुला फोन केला. तू म्हणालीस, "फर्नलीच्या खोलीत मी पाय ठेवणार नाही, हे तुला माहीत आहे." म्हणून तो माझ्याकडे आला.

"ग्लेन आजी, मग तुम्ही द्याल?"

मी म्हटलं, "नाही."

तो हसला. "नॅन आजीपण अशीच बोलते. पुढे काहीतरी येईल म्हणून वाट बघत बसावं लागतं."

पुढे काही आलं नाही. आता लिहिते आहे ते पुढचं.

मी त्याच्या नॅनची बहीण, हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं, हे आधी स्पष्ट करते. नव्या खेळाडूंच्या वाटपात तो आमच्या वाट्याला आला, त्यात माझा हात नव्हता आणि तुझाही नव्हता. ड्रमंड पार्कच्या चाहत्यांच्या घरात वाढलेलं पोर फर्नलीला आलं, यावर तुमच्याकडे किती आदळआपट झाली असेल, याची मी कल्पना करू शकते. मी तीन हिवाळे दर बुधवारी कठड्याशी उभी राहून त्याला पाहते आहे. यातला बराच काळ तो दुखापतवाल्यांच्या घोळक्यात होता. ते लोक मैदानाच्या कडेकडेने, अगदी आमच्या नाकासमोरून धावतात. त्यामुळे आम्हा कठड्यावरच्यांना मोठ्या खेळाडूंपेक्षा मोडकेच जास्त ओळखीचे. एकाच गुडघ्यावर दोन शस्त्रक्रिया. दुसरीनंतर तो पहिल्यांदा धावायला आला, तेव्हा कॉन तुमच्या गावाच्या नावाने ओरडला, "ए बर्नी! आमची ट्राम तुझ्यापेक्षा लवकर पोचते!" फ्लेचर धावता धावता म्हणाला, "ती तुम्ही चालवत होता तेव्हा नाही पोचायची, काका." त्या दिवसापासून तो कठड्याचा झाला. कॉन म्हणजे निवृत्त ट्रामचालक. तो माझ्या डावीकडे उभा राहतो. उजवीकडे लिएन. तिचं पावाचं दुकान आहे आणि दुकान बुधवारी दुपारी बंद असतं, कारण सराव असतो.

तर गेल्या बुधवारी, पावसात, फ्लेचर थेट माझ्यासमोर येऊन थांबला आणि म्हणाला, "तुम्ही ग्लेनिस ना? दोन्ही हात खिशात आणि कोपरं बाहेर. शेजारच्याला जागा मिळू नये म्हणून. नॅन अशीच उभी राहते."

मी हात खिशातून काढले. पण उशीर झाला होता.

आता मुद्दा. त्याची आई जॅनीन गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. त्याला तू वाढवलंस. बर्नीच्या त्या वाऱ्यात मैदानाच्या कडेला गाडी लावून त्याच्या प्रत्येक गोलला हॉर्न तू वाजवलास. मी नव्हते. म्हणून ती जर्सी द्यायचा मान तुझा आहे आणि तुझ्या संमतीवाचून मी तिला हात लावणार नाही.

तो सांगतो, की तुझ्या खुब्याचं ऑपरेशन झालं आहे आणि डॉक्टरांनी विमान आणि बोट दोन्ही मना केली आहेत. म्हणजे न येण्याची तुझ्याकडे दोन कारणं झाली. खुबा मला मान्य आहे. दुसरं कारण नाही.

येता येत नसेल तर मला एक ओळ लिही, की माझ्या वतीने तू दे. एवढंच. ती ओळ आली नाही तर जर्सी कर्णधार देईल, आणि त्या पोराच्या घरातलं कोणी त्या खोलीत नव्हतं असं होईल.

ग्लेनिस


बुधवार, ३ जुलै

नोरीन,

ओळ आली नाही. टपाल उशिरा पोचलं असेल, असं मी आजपुरतं धरून चालते.

बाबांच्या अंत्यविधीचं काय ते तू मनात धरून बसली असशील, तर स्वच्छ लिहिते. तुझा नवरा क्लाइव्ह तिथे ड्रमंड संघाचा तांबडा-पिवळा टाय लावून आला. शवपेटीवर फर्नलीचा हिरवा-पांढरा मफलर होता आणि चहा फर्नलीच्या खोलीत होता. मी त्याचं कोपर धरून त्याला मागच्या रांगेत नेऊन उभं केलं. आजही तेच करीन. तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "पुन्हा या खोलीत माझं पाऊल पडणार नाही," आणि संध्याकाळच्या बोटीने गेलीस. त्यानंतर मी बाबांचं कपाट उघडलं. त्यांची जुनी लोकरीची जर्सी जागेवर होती, पण पाठीवरचा एकतीसचा आकडा नव्हता. आईने हाताने शिवलेला. कोणीतरी टाके कात्रीने न कापता एकेक करून उसवले होते. इतक्या सबुरीने उसवणारं आपल्या घरात एकच माणूस होतं. मी कधी विचारलं नाही. आत्ताही विचारत नाही.

फ्लेचरला क्लबने एकतीस नंबरच दिला आहे, हे त्याने तुला सांगितलं असेलच. खोलीतल्या एकतीसच्या कपाटावर ज्यांनी ज्यांनी तो नंबर घातला, त्यांची नावं रंगवलेली आहेत. वरून तिसरं नाव 'ए. हॅडो'. बाबा मोजकेच सामने खेळले, पण रंग कोणी खरवडला नाही. त्या यादीच्या तळाशी जागा रिकामी आहे. सामना खेळल्याशिवाय नाव चढत नाही.

आता असं काही लिहिते आहे, जे कठड्यावरचं माणूस लिहीत नाही.

आमचा एकच नियम आहे. सरावात दिसलं ते कठड्याबाहेर जात नाही. वर्तमानपत्रवाला गोड बोलत येतो, त्याला लिएन पाव देते आणि हवामान सांगते. पुढच्या शनिवारी, तेरा तारखेला, सामना ड्रमंडशी, आमच्या भाषेत रेड्यांशी, आहे. तुझ्या नवऱ्याचा पुतण्या त्यांच्या प्रशिक्षकांत बसतो. तुझ्या स्वयंपाकघरातून त्याला फोन लागायला किती वेळ लागेल, हे मला कळतं.

तरीही सांगते. आज आमच्या एका प्रशिक्षकाने तांबडी बंडी चढवली आणि तो क्रेनीसारखा धावू लागला, तसाच वाकडा, तसाच अचानक थांबणारा. क्रेनी त्यांचा गोल मारणारा, हे तुला मी सांगायला नको. आणि त्याच्या पाठीला चिकटून, त्याच्या शर्टाला नाक लावून, सबंध सरावभर कोण होतं? आपला फ्लेचर. गोल मारत मोठा झालेला मुलगा. त्याला बचावात टाकला आहे आणि त्याच्या गळ्यात क्रेनी बांधला आहे. बाहेर कोणाला कल्पना नाही. सगळे त्याला पुढे गोल मारताना बघायच्या तयारीत आहेत.

शेवटी त्या प्रशिक्षकाने बंडी काढून जमिनीवर आपटली आणि ओरडला, "अरे, मला श्वास तरी घेऊ दे!" कॉन इतका हसला, की त्याच्या थर्मासचं झाकण मैदानात पडलं. नोरीन, मी आयुष्यभर वर्गात उभी राहिले आहे. कुठलं पोर पाठ करून आलं आहे आणि कुठल्याला समजलं आहे, हे मला दुरून ओळखू येतं. याला समजलं आहे.

मी तुझ्यावर विश्वास टाकते आहे म्हणून हे सांगत नाही. तू त्याची आजी आहेस, आणि तो कशासाठी मैदानात उतरणार हे तुला आधी कळायला हवं, म्हणून सांगते. तो तुला फोनवर सांगू शकत नाही, कारण तुझा फोन क्लाइव्हच्या खुर्चीपाशी आहे.

ग्लेनिस


गुरुवार, ११ जुलै

नोरीन,

संध्याकाळी संघ जाहीर झाला. बाविसाव्या जागी फ्लेचर पायबस, पहिला सामना. जर्सी उद्या दुपारी, हलका सराव झाल्यावर, फर्नलीच्या खोलीत द्यायची आहे. हे पत्र तुला नंतर मिळेल. तरी लिहिते, कारण मनात ठेवून झोपायची मला सवय नाही.

काल मी कठड्यावरच्या दोघांना सगळं सांगून टाकलं. त्यांच्या शेजारी उभं राहायचं आणि केलेलं लपवायचं, हे मला जमणारं नव्हतं.

कॉनने आधी मी थट्टा करते आहे असं धरलं. मग त्याचा चेहरा बदलला.

"मिस, तुम्ही रेड्यांच्या गोठ्यात चिठ्ठी टाकलीत?"

"माझ्या बहिणीला टाकली."

"तुमची बहीण कुठे राहते?"

"गोठ्यात," मी म्हटलं.

"आणि पोराने तीन वर्षं घाम गाळला तो काय असा पोस्टाने पाठवायला? उद्या क्रेनी दुसऱ्याच बाजूने आला म्हणजे? नाव कोणाचं खराब होईल, तुमचं?"

"पोराचं," लिएन म्हणाली. तेवढंच बोलली.

"तिने सांगितलं नसेल," मी म्हटलं.

"तुमचं बोलणं किती वर्षांत नाही, मिस?"



कॉनने थर्मास उघडला, स्वतःला चहा ओतला आणि झाकण लावलं. दर बुधवारी पहिलं झाकणभर मला असतं. लिएनने पाव मात्र दिला, तिचा स्वभावच तसा. चावल्यावर कळलं, की त्यात मिरची नाही. मला मिरची किती लागते, हे तिला माहीत आहे.

मी तिथेच उभी राहिले. दोन्ही हात खिशात, कोपरं बाहेर. माझं चुकलं असं मला वाटत नाही. पण कॉनने विचारलं ते खरं आहे. तू बोललीस तर किंमत मी मोजणार नाही, फ्लेचर मोजेल.

तो आज पुन्हा येऊन गेला. "ओळ आली?" मी नकारार्थी मान हलवली. तो म्हणाला, "असू दे. कर्णधार चांगला माणूस आहे." आणि त्याने गुडघा चोळला. तो दुखत नव्हता, हे मला माहीत आहे. दुखतो तेव्हा तो त्याला हात लावत नाही.

ग्लेनिस


रविवार, १४ जुलै

नोरीन,

तुझं पार्सल शुक्रवारी सकाळी आलं. दारात टपालवाला होता आणि हातात हे गाठोडं. मी ते टेबलावर ठेवून कात्रीने दोरा कापला. आत चिठ्ठी नव्हती. मी कागद झटकून पाहिला. नव्हतीच. आत तुझा कोट होता. ड्रमंडचा जाड तांबडा कोट, लाकडी बटणांचा, छातीवर त्यांच्या खेळाडूंचे बिल्ले. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तू तो घालून फर्नलीला आली होतीस आणि बाबांनी तुला बागेत बसून जेवायला लावलं होतं.

खरं सांगते, मला संताप आला. मी ओळ मागितली आणि हिने रेड्यांचा कोट पाठवला. मला टोमणा मारायला ऐन दिवस साधला, असं वाटलं. मी तो खुर्चीवर फेकला. तो उलटा पडला.

अस्तर राखाडी आहे. पाठीच्या मधोमध, मानेच्या जरा खाली, पांढरा, आता पिवळट पडलेला एकतीस. तिनाची शेपटी डावीकडे कललेली, कारण आईला ती कधी सरळ जमली नाही. भोवती तुझे टाके, इतके बारीक, की बाहेरून एकही दिसत नाही.

म्हणजे इतकी वर्षं तू त्यांच्यात बसलीस, त्यांच्यासाठी ओरडलीस, त्यांची गाणी म्हटलीस आणि पाठीला आपला नंबर लावून बसलीस. क्लाइव्हच्या शेजारी. मी खुर्चीवर बसले. चहा गार झाला, तो मी तसाच प्यायले.

तू ओळ लिहिली नाहीस, ते बरं केलंस. ओळ मी चारचौघांत वाचून दाखवली असती आणि विषय संपला असता.

दुपारी मी तो कोट उलटा करून घातला. अस्तर बाहेर, तांबडं आत. बटणं लागत नव्हती, तशीच गेले. मैदानाच्या फाटकाशी कॉन आणि लिएन होते. शुक्रवारच्या हलक्या सरावालाही ते चुकत नाहीत. उलट्या कडेने तांबडं डोकावत होतं. ते कॉनला आधी दिसलं.

"मिस! हे अंगावर काय आहे? तुम्ही पक्ष बदललात?"

मी पाठ वळवली.

 मग लिएन म्हणाली, "हा कोट कोणाचा?"

"बहिणीचा. गोठ्यातल्या."

कॉनने टोपी काढली. म्हणाला, "अर्न हॅडोचा एकतीस, रेड्यांच्या कळपात. आणि कोणी हुंगला नाही." आणि मग, "मिस, तुमची बहीण बोललेली नाही. जी बाई हे लपवते, ती काहीही लपवेल."

खोलीत सगळा संघ बाकांवर बसला होता. व्यवस्थापकाने माझं नाव घेतलं. मी एकतीसच्या कपाटापाशी उभी राहिले आणि म्हणाले, "मी शिक्षिका होते, त्यामुळे थोडक्यात बोलते. या मुलाला मी वाढवलेलं नाही. माझ्या बहिणीने वाढवलं. ती या खोलीत पाय ठेवणार नाही म्हणाली होती, आणि तिने शब्द मोडलेला नाही. पाय माझे आहेत. कोट तिचा आहे." आणि मी वळले.

 मग फ्लेचर उठून माझ्यामागे आला. त्याने आकड्यावर तळवा टेकवला, पूर्ण, दुखऱ्या गुडघ्याला कधी टेकवत नाही तसा. म्हणाला, "नॅन हा कोट काढायचीच नाही. हीटर लावला तरी. मी विचारायचो, नॅन, उकडत नाही? ती म्हणायची, तुझं तू बघ." आणि हसायला लागला, आणि मग ते हसणं राहिलं नाही. सगळ्या खोलीने टाळ्या वाजवल्या. कर्णधाराने डोळे पुसले आणि खोकल्याचं निमित्त केलं.

सामना तू पाहिलाच असशील, तेव्हा फार लिहीत नाही. पहिल्या पाच मिनिटांत क्रेनीने तीनदा मान वळवून आपल्या बाकाकडे पाहिलं, हे कोण चिकटलंय म्हणून. बाकावर क्लाइव्हचा पुतण्या कागद उलटेपालटे करत होता. त्याच्या कागदांत फ्लेचर पुढे होता. कॉनने मैदानाकडून नजर न काढता थर्मास उघडला आणि झाकण काठोकाठ भरून माझ्याकडे सरकवलं. लिएनच्या पावातली मिरची इतकी तिखट होती, की माझ्या डोळ्यांना पाणी आलं. तिखटानेच आलं असं मी सांगितलं आणि कोणी हरकत घेतली नाही.

चारपैकी तिसरं सत्र संपेपर्यंत क्रेनीला एकही गोल नाही. संपूर्ण सामन्यात एकच, तोही फ्लेचर बदलीवर बाहेर बसला असताना. आपण चार गुणांनी हरलो, म्हणजे सहा गुणांच्या एका गोलानेही नाही. क्लाइव्हला माझ्याकडून अभिनंदन सांग आणि हेही सांग, की हरून मान ताठ ठेवणं आम्हाला चांगलं येतं, सवय आहे. शेवटचा भोंगा झाल्यावर क्रेनी स्वतः चालत आला, फ्लेचरच्या डोक्यावर टपली मारली आणि काहीतरी म्हणाला. मी नंतर विचारलं. तो म्हणाला होता, "पुढच्या वेळी तरी मला थोडी हवा दे."

बुधवारी रंगारी येणार आहे. कपाटावर नाव चढेल. वरून तिसरं ए. हॅडो, तळाशी एफ. पायबस. खुबा बरा झाला की येऊन बघ. खोलीत यायचं नसेल तर दारात उभी राहा, दारातून दिसतं. मी मोजून पाहिलं नाही, पण उभी राहून पाहिलं आहे.

तुझ्या माहितीसाठी, काय काय सुपूर्द झालं ते लिहून ठेवते.

शुक्रवारी दुपारी, फर्नलीच्या खोलीत, फ्लेचर पायबस याला फर्नलीची हिरवी-पांढरी जर्सी, नंबर एकतीस, दिली. देणाऱ्या दोघी, नोरीन पायबस आणि ग्लेनिस हॅडो. त्याने दोन्ही हातांनी घेतली.

आज या पत्राबरोबर नोरीन पायबस हिला तिचा कोट परत. बर्नीत थंडी आहे, तुला तो लागेल. आकडा काढलेला नाही. फ्लेचरला मी विचारलं, तुला हवा का. तो म्हणाला, तो जिथे आहे तिथेच राहू दे. वरचं लाकडी बटण सैल होतं, ते घट्ट करून लावलं आहे. आतल्या खिशात फर्नलीचा एक जुना बिल्ला सापडेल. तो कॉनचा, त्याच्या टोपीवरचा. त्याने स्वतः काढून ठेवला आणि सांगितलं, की रेड्यांना दिसणार नाही अशा जागी लावायचं तुला शिकवायला नको.

ग्लेनिस